अम्मीचा इतिकाफ

माझ्या अब्बांनी जितक्या वेळा इतिकाफ केला, तितक्या वेळा तो अम्मीने रांधला. हे मी रागाने लिहिते आहे आणि राग निवळेपर्यंत थांबायचा माझा विचार नाही. निवळला की आमच्या घरात सगळ्याच गोष्टींचं हसू होतं आणि मग कुणाचंच काही चुकलेलं नसतं.

रमजानचे शेवटचे दहा दिवस घरदार सोडून मशिदीत जाऊन बसायचं, तिथंच झोपायचं, रात्री जागून नमाज पढायची, कुराण वाचायचं आणि ईदचा चांद दिसेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही, याला इतिकाफ म्हणतात. मोहल्ल्यातून निदान एक माणूस तरी बसावाच लागतो, नाहीतर दोष सगळ्या मोहल्ल्याला लागतो. त्यामुळे बसणाऱ्याचा मान मोठा. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अब्बा दर वर्षी बसायचे. इफ्तारचा डबा घरून, पहाटे रोजा सुरू व्हायच्या आधीच्या सहेरीचा डबा घरून. भाजी तिखट झाली की मशिदीतून माझ्या धाकट्या भावाच्या मोबाइलवर निरोप यायचा. सहेरीच्या पोळ्या गरम हव्यात म्हणून अम्मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. चांद दिसला की गळ्यात गुलाबाचा हार घालून लोक अब्बांना घरापर्यंत सोडायला यायचे, मिठ्या मारायचे, दुआ मागायला सांगायचे. अम्मी तेव्हा आत शिरखुर्म्यासाठी दूध आटवत असायची.

बाईला इतिकाफ घरातच करता येतो. नमाजसाठी एक कोपरा ठरवायचा आणि त्या कोपऱ्यातच दहा दिवस राहायचं. अम्मीच्या मनात हे किती वर्षं होतं कोण जाणे. आधी पाळी, मग आमची बाळंतपणं, मग अंथरुणाला खिळलेली सासू. ते सगळं संपलं तेव्हा अब्बा निवृत्त झाले आणि त्यांचे डबे सुरू झाले. यंदा एका इफ्तारला, पाहुण्यांपुढे द्राक्षांचं ताट सरकवता सरकवता ती म्हणाली, “अहो, यंदा मी बसू का?”

नवऱ्याची परवानगी लागते. अब्बांनी ती पाहुण्यांसमोर दिली, मोठ्या मनाने. “बस की. यंदा मी नाय बसत मशिदीत. घराचं आम्ही बघू.”

या ‘आम्ही’ शब्दाचा अर्थ आमच्या घरात मी असा होतो. मी चौतिशीची, बिनलग्नाची, सातपूरच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. जाण्याआधी आणि आल्यावर स्वयंपाक, हे मला चालणार होतं. आनंदानेच चालणार होतं. तक्रार त्याबद्दल नाही.

मागच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये जेमतेम एक सतरंजी मावते. तिथे मी दोरी बांधून जुनी चादर लावली. आत अम्मी, नमाजसाठी अंथरायची तिची जानमाज, कुराण आणि पाण्याची बाटली. संडासाला आणि वजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला, उठायची मुभा. बाकी कशासाठीही, क्षणभर जरी त्या जागेबाहेर आली, तरी इतिकाफ तुटला. स्वयंपाकघर मधल्या दाराच्या पलीकडेच. चादर बाजूला केली तर गॅस दिसतो.

बसायच्या दिवशी, सूर्य मावळायच्या थोडं आधी, मी तिला विचारलं की इतकं काय मागायचंय तुला अल्लाहकडे. ती म्हणाली, “मागायचं काय, तुमच्यासाठी मागतच असते. पण माझी सगळी नमाज कुकरच्या शिट्ट्या मोजत झाली गं. एकदा तरी सजद्यात डोकं टेकावं आणि उठायची घाई नसावी.”

एवढीच तिची मागणी होती. सोनंनाणं नाही, हजयात्रा नाही. दहा दिवस कुणी हाक मारू नये.

पहिले दोन दिवस खरंच कुणी मारली नाही. पहाटे सहेरीची कणीक मळताना मला तिचा आवाज ऐकू यायचा. एरवी ती कुराण भराभर वाचते, गाडी सुटेल की काय अशी. आता एकेक अक्षर उच्चारून वाचत होती. मी तिला इतक्या सावकाश कधी बोलतानासुद्धा ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अब्बा चादरीपाशी जाऊन उभे राहिले. चहापत्तीचा डबा सापडत नव्हता. चाळीस वर्षं तो एकाच फळीवर आहे. मग जिरं. मग त्यांची बीपीची गोळी, मग टॉवेल. बोलायला बंदी नसते, म्हणून अम्मी आतून सांगायची आणि पुन्हा आयतीच्या सुरुवातीपासून वाचायला लागायची. भावाने शर्ट आणि सुईदोरा चादरीखालून आत सरकवला, एक बटण लावून दे म्हणून. शेजारणी दुआ मागायला सांगण्यासाठी यायच्या आणि चादरीसमोर बसून सुनांच्या गोष्टी करायच्या.

मी अब्बांना म्हटलं, मला विचारा ना, मी इथेच आहे. ते म्हणाले, “तुला काय माहीत, तिलाच माहीत असतं सगळं.” जणू हे तिचं कौतुक होतं.

आणि मग एका संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर चादरीबाहेर लसणाच्या सालींचा ढीग. अब्बा मशिदीत मौलानांना विचारून आले होते की बसल्या जागी हातांनी काम केलं तर इतिकाफ तुटतो का. तुटत नाही, असं कळल्यावर त्यांनी लसूण नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी खारका. मग ईदसाठी आणलेली चारोळी निवडायला. “हात रिकामेच असतात तिचे,” असं म्हणाले. ज्या हातांत तसबीहची माळ होती, ते हात त्यांना रिकामे दिसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट उचललं, चारोळी परत डब्यात ओतली आणि डबा माझ्या कपाटात कुलपात ठेवला. भाऊ हसला. अम्मी आतून म्हणाली, “जाऊ दे ना, मी करते जप करता करता.” मला तिचाही राग आला.

आमचे लोक मूळचे सटाण्याकडचे. नमाज अरबीत, लग्नपत्रिका उर्दूत आणि भांडण मराठीत असा आमचा रिवाज आहे. त्या रात्री मी मराठीत भांडले. अब्बांना म्हटलं, तुमच्या इतिकाफमध्ये आम्ही मशिदीत लसूण पाठवला असता तर? ते खरोखर गोंधळले. त्यांना त्यात राग येण्यासारखं काही दिसलंच नाही. “ती मशीद हाय पोरी,” असं म्हणाले. “हे घर हाय.”

सत्ताविसावी रात्र आली. शबे कद्र. ही एक रात्र हजार महिन्यांहून थोर मानतात आणि शेवटच्या दहा रात्रींत ती शोधायची असते. आमच्याकडे सगळा भर सत्ताविसाव्या रात्रीवर. मशिदीत रात्रीच्या तरावीह नमाजमध्ये महिनाभर वाचलेलं कुराण पूर्ण होतं, मिठाई वाटतात, पुरुष रात्रभर जागतात. अम्मीने संध्याकाळीच मला सांगितलं होतं, आज मी लांब नमाज पढणार आहे, तू सहेरीपर्यंत माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. तिचा चेहरा इतका हलका झाला होता की मी बघतच राहिले.

तरावीह आटोपून अब्बा मशिदीतल्या चार जणांना घेऊन घरी आले. रात्र जागायची तर मध्ये चहा हवा. मी मधल्या खोलीत नमाजला उभी होते. अब्बांनी मला पाहिलं आणि मोठ्या उत्साहाने म्हणाले, “तू पढ, दूध मी ठेवतो.” गॅस पेटल्याचा आवाज मी ऐकला. पुढच्या खोलीतल्या गप्पा ऐकल्या. मी सजद्यात गेले आणि तेवढ्यात अब्बांची हाक आली.

“अगं ए, दूध चाललं उतू!”

ते गॅससमोर उभे होते. बटण त्यांच्या हाताशी होतं. आणि हाक त्यांनी तिला मारली.

नमाजमध्ये माणूस बोलत नाही. माझं कपाळ जमिनीला टेकलेलं होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं. आधी बांगड्या, मग उठताना नेहमी वाजणारा तिचा गुडघा, मग दोरीवरून सरकलेली चादर. तिची पावलं माझ्या डोक्याजवळून गेली. भराभर, रोजच्यासारखी.

मी सलाम फेरून नमाज संपवली आणि धावले तेव्हा ती ओट्याशी फडकं घेऊन उभी होती. गॅस बंद. दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं. अब्बा म्हणत होते, “बरं झालं आलीस.” ती फडक्याने दूध टिपत होती. मग तिचा हात थांबला. तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ती रडली नाही. पायांकडे नुसती बघत राहिली.

मी अब्बांना काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलले, एवढं आठवतं. बाहेरच्या गप्पा थांबल्या. अब्बा बाहेर जाऊन त्यांच्यातल्या एका जाणत्याला विचारून आले. तुटला होता. चुकून, विसरून उठलं तरी तुटतो.

“काही नाय,” अब्बा तिला म्हणाले. सुटका झाल्यासारखा त्यांचा चेहरा दिसत होता. “एका दिवसाची कजा हाय फक्त. ईदनंतर एक रोजा ठेवून एक दिवस बसायचं. झालं.”

मी अम्मीचा हात धरला. म्हटलं, चल, तुटला तर तुटला, रात्र अजून बाकी आहे, आत जाऊन बस. मी चादर परत लावते. तिने हात सोडवून घेतला, फडकं पिळलं आणि पातेलं धुवायला घेतलं.

“उठलेच आहे आता,” ती म्हणाली. मग अब्बांकडे वळून, नेहमीच्या आवाजात, “किती जण आहेत?”

“माझ्यासकट पाच,” अब्बा म्हणाले. “दोघांना बिनसाखरेचा.”