तीन सिलिंडर, एक चोक आणि आमची तनू

आमची तनू बोलत का नाही, या काळजीनं माझी झोप उडाली होती. आणि आमची गाडी चालू का होत नाही, या काळजीनं यांची. एकाच पलंगावर दोघं टक्क जागे. मला वाटायचं, चला, पोरीसाठी बापाचाही जीव तुटतोय. तेवढ्यात अंधारातून आवाज यायचा, "मला वाटतं, प्लगच असणार."

तनूला तिसरं वर्ष चालू होतं. ऐकायची सगळं, हसायची, खोड्या करायची. बोलणं मात्र 'आई', 'पप्पा', 'नको' आणि 'अजून'. संपला शब्दकोश! शेजारची तिच्याच वयाची पोरं गाणी म्हणायची. मी डी.एड. झालेली. मुलांना बोलतं कसं करावं, यावर परीक्षेत पानं भरून उत्तरं लिहिलेली. त्या उत्तरांचा उपयोग इतकाच झाला, की आपण कुठं कुठं चुकलो असू हे मला मुद्देसूद कळायला लागलं.

तिला बीडच्या डॉक्टरांकडं न्यायचं हे ठरलं उन्हाळ्यात आणि आम्ही पोचलो थंडीत. कधी घरातले म्हणायचे, "बोलंल की, घाई काय हाय?" कधी गाडी म्हणायची. या मधल्या काळातले हे किस्से. मी काही ते जमवायला बसले नव्हते. जुनी गाडी दारात उभी असली की तिच्याखाली ऑइल जसं आपोआप साचतं, तसे ते साचतात. पुसायला गेलं की आणखी पसरतात!

*

आमचे हे पाहुण्यांना गाडीची ओळख करून देतात ती लग्नाचं स्थळ सांगावं तशी. "आठशेला चार सीसी कमी, तीन सिलिंडर, चार गिअर, कार्बोरेटरवाली! आता अशी मिळत नाही."

न मिळण्यामागं काही कारण असेल, हे स्थळ सांगणाऱ्याला कधी सुचत नाही.

तर ही गुणवंत गाडी चढावर धापा टाकायला लागली. उभी असली की अंगात आल्यासारखी थरथरायची. सिरसाळ्यात घराला लागूनच आमचं खताचं दुकान आहे, त्याच्यासमोर बब्बूभाई मिस्त्रींचं गॅरेज. बब्बूभाईंचं निदान वर्षानुवर्षं एकच, "भाभी, कचरा आलाय." हॉर्न वाजला नाही तरी कचरा! पण त्या दिवशी त्यांनी चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन गचके खायला लागलं. दुसरी काढली, बंदच पडायला आलं. तिसरी काढली, काही फरक नाही!

"मिसिंग हाय," बब्बूभाई म्हणाले. "तिनातले दोनच काम करतेत. तिसरा नुसता बसून हाय. कचरा आला आसंल."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुकानाच्या पायरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांना तीन मुलगे. आमचे हे तिसरे. मान वर न करता म्हणाल्या,

"त्यात काय नवल? माझंबी तसंच हाय!"

हे मन लावून प्लग पुसत राहिले. तनू खदाखदा हसली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

हसूनच थांबली.

*

आमच्याकडं रस्त्यात बोनेट वर करणं म्हणजे सभेचं आमंत्रण. बाजाराच्या दिवशी गाडी ऐन चौकात बंद पडली आणि ज्यांनी आयुष्यात ट्रॅक्टरशिवाय काही चालवलं नाही तेही आत डोकवायला लागले. एक म्हणाला कॉइल. दुसरा म्हणाला पेट्रोलपंप. तिसऱ्यानं लई अधिकारानं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायला लावलं आणि निघून गेला. त्याची बस आली होती.

मी तनूला कडेवर घेऊन बाजूला उभी. फेटेवाल्या एका बाबांचं इंजिन बघून झालं, तसे ते आमच्याकडं वळले.

"पोरगी बोलत न्हाई व्हय?"

त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे!

"कावून न्हाई बोलत?"

हे मला माहीत असतं तर मी चौकात उभी राहिले असते का? "डॉक्टरांना दाखवणार आहोत, बाबा."

"डॉक्टर कशाला? चांदीच्या चमच्यानं मध चाटवा."

"मामाच्या घरचं पाणी पाजा," मागून एक जण.

"आधी तिच्या हातातला मोबाईल काढून घ्या, ताई. त्याच्यानंच हुतंय हे," एक मावशी.

तनूच्या हातात मोबाईल नव्हता. पाना होता.

बघता बघता सभेचे दोन भाग झाले. अर्धे गाडीवर, अर्धे माझ्या पोरीवर. शेवटी फेटेवाल्या बाबांनीच निकाल दिला, "उगं लई डोकं नका लावू. दोन्हीला इलाज एकच. धक्का मारा!"

तोवर मी पोरीला घेऊन आत बसून काच वर केली होती. लोकांचा काय नेम?

*

मे महिन्यात माझ्या माहेरी, आष्टीला निघालो. बीड सोडलं, मांजरसुंब्याचा घाट लागला आणि टेम्परेचरचा काटा लाल रेघेकडं निघाला. रेडिएटरचा पंखा फिरेना. अशा वेळी या इंजिनाला एकच उपाय, असं हे छाती पुढं काढून सांगतात. गाडीतला हीटर फुल लावायचा. म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन वाचतं. माणसांचं नंतर बघू!

मागच्या सीटवरून आत्याबाई म्हणाल्या, "आरं, हे गरम वारं कुठून यायलंय?"

"हीटर लावलाय, आई."

"कावून? थंडी वाजायली का तुला?"

"इंजिनाला आराम पडतो."

"आन मला रं? ही गाडी हाय का भट्टी?"

घाट संपला. ढाब्यावर उतरलो तेव्हा आमची तोंडं भाजलेल्या वांग्यासारखी झालेली. पोरगं फडकं मारत आलं आणि त्यानं विचारलं, "काय आणू? गरमागरम चहा?"

आम्ही उत्तर द्यायच्या आत तनू टेबलावर हात आपटून ओरडली, "नको!"

आत्याबाईंनी पदरानं वारा घेत माझ्याकडं पाहिलं. "उगंच घोर करतीस तू. पोरगी कामापुरतं बोलती. तिच्या बापाला आजून न्हाई जमलं ते."

*

त्याच दिवशी, पाटोद्याच्या पुढं. आता इंजिन गार, पण गाडी पुढं जाईना. उन्हानं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते म्हणे, आणि वाफ ओढून गाडी चालत नाही. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. यांनी डिकीत हात घातला, हाताला लागलं ते बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं आणि टाकलं पंपावर. थोड्या वेळानं निघालो आणि उन्हं कलता कलता आष्टीला पोचलो.

माझा भाऊ शिवाजी दारातच उभा. गाडीतून कसला तरी वास येतोय म्हणून त्यानं कौतुकानं बोनेट उघडलं. बघतो तर, त्याच्या लग्नात दाजींना मानाचा म्हणून दिलेला टॉवेल! काठ अजून नवा, मधोमध ऑइलचा काळा डाग.

"काय दाजी," शिवाजी म्हणाला, "आमचा आहेर बरोबर जाग्यावर ठेवलाय की!"

दुसरा कुणी असता तर त्यानं खाली बघितलं असतं. हे म्हणाले, "मग! तुमच्या मानामुळंच तर इथवर आलो."

आत माझी आई तनूला मांडीवर घेऊन बसली होती. "म्हण, आ-जी. म्हण की, माझी बाय."

तनूनं श्वास घेतला. सगळे पुढं सरकले.

"क्यँ-क्यँ-क्यँ-क्यँ... फुस्स!"

इतका हुबेहूब स्टार्टर मी बब्बूभाईंच्या तोंडूनही ऐकला नव्हता. आई कौतुकानं बघत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला. कांद्याचं एक बरं असतं, कुणी काही विचारत नाही.

*

दिवाळीनंतर मी स्वतः गाडी शिकायचं ठरवलं. बीडच्या डॉक्टरांची वेळ अखेर मिळाली होती आणि ऐन वेळी यांना दुकानातून निघता आलं नाही तर पोरीला नेणार कोण? यांनी शिकवलं. "थंडीत चोक ओढायचा, म्हणजे इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं. मग गाडी चालू करायची. मग चोक आत ढकलायचा." सोपं होतं. हे दुकानात गेले आणि तनूला पायरीवर बसवून मी चोक ओढला. गाडी चालू होईना म्हणून आणखी ओढला. ॲक्सिलेटर दाबला. पुन्हा दाबला. किल्ली फिरवली. परत फिरवली.

"हो ना बाई चालू! काय कमी केलं तुला? काय पाहिजे तुला? बोल की!"

मी कुणाशी बोलत होते, ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. अंगणभर पेट्रोलचा वास सुटला. समोरून बब्बूभाई तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आले.

"हात नका लावू! ओव्हर झाली."

ओळख झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचं निदान कचरा नव्हतं!

"लई पेट्रोल पाजलं, भाभी, तुमी तिला. ठिणगीच बुडाली आतली. आता जितकं कराल तितकं बिघडंल. गप बसा. आपोआप चालू व्हते."

चोक आत ढकलून बोनेट उघडं ठेवलं आणि आम्ही तिघं पायरीवर गप बसलो. बब्बूभाई, मी आणि मध्ये तनू, गालावर हात ठेवून, एखाद्या आजाऱ्याजवळ बसावं तशी. मग बब्बूभाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

"बघा," ते म्हणाले. "तिला काय झालंच नव्हतं. तुमीच घाबरवलतं."

*

बीडला जायच्या दिवशी गाडी कुठंही बंद पडली नाही. मला तर हाच अपशकुन वाटला.

डॉक्टरबाई शांत होत्या. कान तपासले. कान उत्तम. मग त्यांनी चित्रं काढली. गाय, चेंडू, गाडी. "हे काय आहे, तनू?"

तनू चित्रातल्या गाडीच्या चाकांवर बोट फिरवत बसली.

"सांग ना, बाळा," मी सुरू केलं. "गाय ना? हम्मा करते ती? घरी कशी बघतेस? आणि हे? गाडी! आपली गाडी कशी करते? क्यँ-क्यँ कर ना. तेवढं तरी कर! डॉक्टर, ही घरी करते हो, खरंच करते—"

"आई, तुम्ही जरा थांबा."

थांबले असते तर! "नाही, माझंच चुकलं असणार. मी हिच्याशी कमी बोलते का? की जास्त बोलते? हिला लवकर आणायला पाहिजे होतं, पण ती गाडी, आणि घाट, आणि सगळे म्हणायचे बोलेल, आणि माझं डी.एड. झालंय हो डॉक्टर, मला कळायला पाहिजे होतं—" पुढचं मला बोलताच येईना. घशातून नुसतेच आचके. डॉक्टरबाई उठल्या, पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याकडं आल्या. हेही उठले. दोघांचे हात एकदमच माझ्या खांद्याकडं आले.

तनू खुर्चीवरून खाली उतरली. आमच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे पुढं करून तिनं त्या दोघांना अडवलं.

"हात नका लावू. आई ओव्हल झाली. गप बशा. आपोआप चालू व्हते."