माय गाडीत, मी फलाटावर

आमचा मळा अकोल्याबाहेर, नदीच्या काठाला होता. कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, ती सालं. आजूबाजूच्या सगळ्यांनी काळ्या रानात बांधापर्यंत कापूस लावला. आम्ही मात्र वांगी, मेथी आणि फुलंच पिकवत राहिलो. बाप वारला होता. घरात मी, माझी बायको आणि माय. आधी मायच्या एका डोळ्यावर पडदा आला, मग दुसऱ्यावर. दिवस आहे की रात्र, एवढंच तिला कळायचं.

अमरावतीला मोतीबिंदू उतरवणारा एक हकीम आहे, असं बाजारात ऐकलं. बैलगाडीनं जायचं तर दोन-तीन दिवसांचे हाल. पण आता आगगाडी बडनेऱ्यापर्यंत जात होती आणि तिथून अमरावती जवळच. मी बैलगाडीचं बोलायला गेलो, तर माय म्हणाली, "आगगाडीनंच जाऊ. मले दिसत नाई, पण बसाले तं येते ना!"

गाडी रात्री उशिराची होती. बायकोला मळ्यावर ठेवून आम्ही दोघं दिवेलागणीलाच स्टेशनावर जाऊन बसलो. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या आणि त्यांना टेकून माणसंच माणसं. ती सारखी विचारायची, "इंजन केवढं असते रे? डोळे असतेत काय त्याले?" मीही आधी एकदाच लांबून पाहिलेलं. तरी सांगत होतो, हत्तीएवढं, कपाळावर दिवा. ती लहान पोरीसारखी हसायची. खरं सांगायचं तर मीही सारखा उठून रुळाकडे बघत होतो. आपण हकिमाकडे चाललोय, हे मी जवळजवळ विसरलो होतो.

कोणाला काही दिसण्याआधी मायनं जमिनीवर हात टेकला आणि ती ओरडली, "आली! आली!"

गाडी थांबली आणि फलाटावरचे सगळे एकदम उठले. मी मायला कमरेला धरून एका डब्यात चढवलं. आतून कोणीतरी तिचा हात धरून ओढून घेतलं. आमचं गाठोडं खाली राहिलं होतं. ते उचलायला मी वळलो, तेवढ्यात मधे माणसांची भिंत झाली. मी कोपरं मारत दारापाशी पोचलो, तेव्हा शिपायानं दार लावून बाहेरून कडी घातली होती.

"माही माय आत हाये! आंधळी हाये ती!"

"डबा भरला. मागं जा, मागं!"

मागं धावलो. मागच्या डब्याचं दार बंद, त्याच्या मागचंही बंद. शिट्टी झाली. मी पुन्हा तिच्या डब्याकडे आलो, तर गाडी हलली होती. खिडकीतून माय दिसली. शेजारच्या माणसाकडे तोंड करून ती काहीतरी बोलत होती, हसत होती. मी गाडीबरोबर पळत ओरडलो, "माय, बडनेऱ्याले उतरजो!" त्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. फलाट संपला. हातात गाठोडं घेऊन मी तसाच उभा राहिलो.

स्टेशनातला बाबू भला माणूस होता. त्यानं बडनेऱ्याला तार केली. म्हणाला, "उतरवून घेतील. दुपारच्या गाडीनं परत पाठवतील."

"नक्की?"

"बहुतेक," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं मला तिथे बांधून ठेवलं. रुळाच्या कडेनं चालत सुटावं, असं वाटे. पण मी निघालो आणि ती इकडे आली तर तिला कोण उतरवून घेणार? सकाळ झाली. मी जागचा हललो नाही. गाठोड्यात भाकरी होत्या, त्यांना मी हात लावला नाही. रात्रीपासून ती उपाशी असेल, हेच डोक्यात. दुपारची गाडी आली. मी एकेका डब्यात डोकावून हाका मारल्या. माय नव्हती.

मग पुन्हा तीच रात्रीची गाडी, तीच झुंबड. या वेळी मी आधी घुसलो. समोरच्या बाकावरच्या एकानं हौसेनं विचारलं, "पयल्यांदाच बसून राह्यले काय?" मी हो म्हणालो. आगगाडीच्या माझ्या त्या पहिल्या प्रवासातलं मला दुसरं काहीच आठवत नाही.

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. फलाटाच्या टोकाला, कंदिलाखाली माय बसली होती. शेजारी एक उतारवयाचा पिंजारी, कापूस पिंजायची धनुकली मांडीवर घेऊन. मी हाक मारली. ती उठली नाही. मी जवळ बसल्यावर तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, खूप वेळ.

"कावून आला नाईस रे?" एवढंच म्हणाली.

पिंजाऱ्यानं सांगितलं ते असं. डब्यात मायनं त्याचा हात धरला आणि तो मीच आहे असं समजून ती बोलत सुटली. मी गाडीबरोबर पळताना त्याला खिडकीतून दिसलो होतो. तो म्हणाला, "रातची वेळ. पोरगा मागं राह्यला म्हनलं असतं तं बुढी भेवून गेली असती. मी आपला हूं हूं करत राह्यलो." बडनेऱ्याला उतरल्यावर त्यानं तिला खरं काय ते सांगितलं. स्टेशनवाले परत पाठवायला तयार होते, पण 'माहा पोरगा इथंच येईन' म्हणून ती हलेना. आणि तिला एकटं सोडून तोही जाईना. त्याचा एक दिवस बुडाला होता. मी पाया पडायला वाकलो, तर तो मागं सरकला. धनुकली खांद्याला लावून निघून गेला.

अमरावतीच्या वाटेवर, छकड्यात मी विचारलं, "माय, काय बोलत होतीस त्याच्यासंगं?"

"तुलेच तं सांगत होती."

"मंग आता सांग."

"झालं सांगून," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

हकिमानं डावा डोळा उघडला. उजव्याचं काही होणार नाही म्हणाला. पुढे दोन वर्षं तिला माणसाचा आकार तेवढा कळायचा. ती असताना, त्या रात्री काय सांगितलंस, असं मी अनेकदा विचारून पाहिलं, रागावूनही पाहिलं. तिचं एकच, "झालं सांगून." ती गेल्यावर मी कापसाच्या हंगामात दोनदा बडनेऱ्याला जाऊन त्या पिंजाऱ्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. त्याचं गाव मी त्या पहाटे विचारलंच नव्हतं.