द्वारकाबाईंची कैफियत

गारखेड्याच्या कोणत्याही बोळात द्वारकाबाई चटकन ओळखू यायच्या; पापण्यांवर कायम पीठ. नवरा पुंजाराम चितेगावच्या कंपनीत होता. कंपनीला टाळं लागलं, त्यानं कंबरदुखी धरली, आणि द्वारकाबाईंनी स्वतःच्या नावावर एका फायनान्सचं कर्ज काढून पुढच्या खोलीत पिठाची गिरणी बसवली. घरातली चूल त्या गिरणीच्या पट्ट्यावरच चालायची म्हणा ना.

त्या गिरणीवरच एक दिवस कोर्टाचा बेलीफ आला.

"घेऊ नको," पुंजाराम आतून कुजबुजला. "सही केली का अडकलीस."

"नाय घेतलं तर दाराला चिकटवून जाईल तो. दळणाला आलेल्या बाया मोठ्यानं वाचतील," म्हणत द्वारकाबाईंनी पदराला हात पुसून सही केली.

समन्स त्यांनी दारातच उभ्यानं वाचलं. फायनान्सनं अख्खं कर्ज मागितलं होतं, जसं काही एक रुपयाही फिटला नाही. आणि त्या तर रोज संध्याकाळी गल्ला मोजून हप्ता देत आल्या होत्या. वसुलीला यायचा तो रामकिसन, मागच्या गल्लीतल्या आवडाबाईचा नवरा. हप्त्याच्या कार्डावर सही करायचा, चहा प्यायचा, जायचा. शेवटी शेवटी "हिशोब जुळवून आणतो" म्हणून कार्डही घेऊन गेला. त्याची किडनी गेली होती, आठवड्याला दोनदा दवाखान्यात सुई लावून रक्त धुवावं लागे. दिवाळीनंतर तो वारला. आपला पैसा कुठल्या सुईतून गेला, हे कळायला द्वारकाबाईंना वकिलाची गरज नव्हती.

कागदाच्या शेवटी लिहिलं होतं, मुदतीत लेखी कैफियत दाखल करावी, नाहीतर एकतर्फी निकाल लागेल.

कैफियत! तो शब्द दिसताच त्यांना जरा धीर आला. म्हणजे कोर्टालाही ऐकून घ्यायचं आहे तर. सातवीपर्यंतचं अक्षर होतंच. गिरणी बंद ठेवून त्यांनी मन मोकळं केलं: कर्ज घेतलं हे खरं, बुडवायची नियत नाही, मालक घरी बसलेले, विजेचं बिल थकलेलं, साहेबांनी सवलत द्यावी. रामकिसनचं नाव पेनाच्या टोकाशी आलं होतं. पण मेलेल्या माणसाला कोर्टात कुठं उभं करायचं? त्यात आवडाबाईच्या मुलीची सोयरीक पाचोडला नुकतीच जमलेली. नाव राहून गेलं. कोर्टातल्या कारकुनानं कागदावर शिक्का मारला, आणि त्या हलक्या मनानं घरी आल्या.

पुढच्या तारखेला सरकारी मोफत वकील मिळाले, व्यंकटराव. "एकटी कशी जाशील?" म्हणत आवडाबाई सोबतीला आली होती. दोघी त्यांच्यासमोर बाकावर बसल्या.

"अक्षर सुरेख आहे, बाई," व्यंकटराव चष्मा काढत म्हणाले. "पण हे गाऱ्हाणं झालं. कैफियत नाही."

"दोन्ही येगळं असतंय व्हय?"

"कोर्टात वेगळं. समोरच्यानं लिहिलंय त्यातलं खरं काय, खोटं काय, ते एकेक करून सांगायचं. तुम्ही तर सगळंच कबूल करून बसलात. या कागदावर उद्या गिरणी उचलून नेतील. काही भरलं नव्हतं का?"

"भरलं की! रोज भरलं!"

"मग लिहिलं का नाही? दुरुस्तीचा अर्ज देऊन बघू. कोर्ट मान्य करेलच असं नाही. पण कुणाच्या हातात दिले, ते नावानिशी सांगा."

शेजारी आवडाबाई जेवणाच्या फडक्याची गाठ सोडत होती, परत बांधत होती.

"गल्लीनं बघितलंय," द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या.

"गल्ली साक्षीला येईल. पण हप्ते नेले कुणी?"

"आठवून सांगते."

"आठवून?" व्यंकटरावांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि फाईल मिटली. "सोमवारपर्यंत आठवा. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही."

दोघी रिक्षानं परतल्या. नाव घ्यावं तर आवडाबाईच्या मुलीचं लग्न मोडायची भीती, न घ्यावं तर आपली चूल विझणार.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई ज्वारीचा डबा घेऊन आली. रामकिसन गेल्यापासून द्वारकाबाई तिच्याकडून दळणाचे पैसे घेत नसत. आज तिनं पैसे डब्याच्या झाकणावर ठेवले.

"हे कशाला गं?"

"मला ठाऊक होतं, द्वारके. सुई लागायच्या दिवशी वसुलीच्या पिशवीतूनच पैसे काढायचे ते. मी बघायचे अन् तोंड फिरवायचे." तिनं झाकणावरचे पैसे आणखी पुढं सरकवले. "लगीन होऊस्तोवर थांबशील?"

"लगीन कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात."

द्वारकाबाईंनी डबा उचलला, ज्वारी गिरणीत ओतली. बटणावर हात गेला आणि तिथंच थांबला.

"नाय थांबता येत, आवडे. सोमवारी नाव घेणार मी."

आवडाबाई पायरीवरच्या पिठात अंगठा फिरवत राहिली.

"लग्नाला मला बोलवू नको मग," द्वारकाबाई म्हणाल्या.

"लगीन टिकलं तर बोलवीन की. हळद दळायला दुसरी गिरणी कुठंय?"

द्वारकाबाईंनी बटण दाबलं. पट्टा फिरू लागला. झाकणावरचे पैसे मात्र दिवसभर तसेच पडून होते. उचलायची हिंमत दोघींपैकी कुणाचीच झाली नाही.