परक्या देवाच्या माणसाचा चांगुलपणा

ज्या वर्षी आमचं निमाड नागपूरपासून तोडून नव्या मध्यप्रदेशात घातलं, त्या वर्षी मी बुऱ्हाणपुरात घरी बसून बी.ए.चा अभ्यास करत होते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरात आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांचा भाग होता. त्यांतल्या काहींचं म्हणणं वाचून माझं डोकंच फिरलं. खऱ्या देवावर श्रद्धा नसेल तर माणसाचा संयम, धैर्य, न्याय हे सगळे नुसते दिसायला सद्गुण, आत अहंकारच. म्हणजे जन्मभर कुणाचं वाईट न चिंतलेली माझी आई अहंकारी? दोन दिवस मी घरात सगळ्यांवर करवादत होते.

त्याच सुमारास वहिनी अडली. मूल पायाळू होतं. मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई आमच्या सिंधीपुऱ्यातल्या घरी येऊन दोन दिवस तिच्या उशाशी बसली आणि दोघांना वाचवून गेली.

जिच्या हातांत मूल उतरलं, तिला बारशाला पाटावर बसवून लुगडं-चोळी द्यायची, ही आमच्याकडची रीत. आईनं हिरवं लुगडं आणूनही ठेवलं होतं. माझे वडील, नाना, म्हणाले, "दवाखान्यात पोचवून द्या. पाट नको. या लोकांची सेवा फोकट नाही राहत, आत मतलब राहतो."

"नाना, पुस्तकात आपल्याबद्दल हेच लिहिलंय," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

"ते चूक लिहितात," नाना शांतपणे म्हणाले. "आपण पाहून बोलतो."

काय पाहिलं होतं त्यांनी? दोन दिवस ते ओसरीवर जप करत होते. आत रक्ताचे बोळे उचलत होती ती. पण बारशाला पाट मांडला गेला नाही. आई, वहिनी, आत्या, सगळ्या पाटाचं नावही न काढता पाळणा म्हणत होत्या. मला त्यांचा नानांपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी लुगडं काखेत मारून मी एकटीच दवाखान्यात गेले. नर्सबाई पट्ट्यांच्या घड्या घालत होती. मी तिला नानांचं सांगितलं, आचार्यांचंही सांगितलं. रागात भान राहिलं नाही.

तिनं लुगडं मांडीवर घेतलं, बराच वेळ त्याच्या काठावरून हात फिरवला.

"माझी आजी फोपनारची," ती म्हणाली. "प्लेगात गाव रानात पळालं, तर ती मागं राहून दुसऱ्यांच्या पोरांना पाजत होती. त्यातच गेली. ती काही ख्रिस्ती नव्हती, बेटा. तिच्या चांगुलपणाचं पुढं काय होतं, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात? पाद्रीसाहेबाला विचारायची हिंमत नाही होत मला."

लिहिलं होतं, असा चांगुलपणा माणसाला तारत नाही म्हणून. मी ते दोनदा वाचलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "त्याबद्दल काहीच नाही लिहिलेलं."

त्या आचार्यांना मी अजून माफ केलेलं नाही. त्यांच्यापायी मला त्या बाईशी खोटं बोलावं लागलं.