सतरा एक

आमचा सदानंदकाका पाइपलाइनवर वॉचमन होता. रिटायर झाला, पण एक काम काही सोडलं नाही: रोज दुपारी जेवल्यावर सहा भागाकार. अठ्ठावीस वर्षं, एक दिवस खाडा नाही. ताप असला तरी सहा म्हणजे सहाच!

शेणव्याजवळ आमची सतरा घरांची वाडी, आणि जमिनीचा सातबारा सगळ्यांचा मिळून एकच. पहिला दलाल आला तेव्हा काकाने विहाराच्या फळ्यावर ओळीने सतरा एक लिहिले, घरटी एक. म्हणाला, "ही मूळ संख्या हाय. हिला कुणी फोडू शकत नाय, तसं आपल्यालाबी नाय. ज्या दिवशी ही फुटंल, त्या दिवशी जमीन विका. मी आडवा येणार नाय."

बोलून बसला आणि मग घाबरला. खरंच मूळ आहे का, हे त्याला कुठे ठाऊक होतं! एका गुरुजींनी युक्ती दिली: या आकड्याला भाग गेलाच, तर चौतिसाच्या पटीत एक मिळवलेल्या संख्येनेच जाईल. मग काका पस्तीस, एकोणसत्तर, एकशे तीन असा चढत निघाला.

गेल्या महिन्यात मी सहज फोनवर तो आकडा घातला. फुटतो! वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने भागलं की बाकी शून्य. मेलं, एकोणीस एक असते तर मूळ निघाले असते. पण आणखी दोन घरं आणायची कुठून? काकाची वही बघितली, तर त्या संख्येवर पोचायला पंधराच दिवस उरलेले. मंगळवारी, तिसरा भागाकार.

सांगायची छातीच होईना. नवा दलाल कल्याणहून खेपा घालत होता. आकडा फुटला की चुलतभाऊ मुकेश सगळ्यांच्या सह्या घ्यायला टपलेला. जमीन गेली तर सतरा घरांनी जायचं कुठे? मुकेश रोज दुपारी काकासमोर येऊन बसायचा. "फुटला का रे काका?"

मंगळवार आला. पहिला भागाकार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मी वहीजवळ सरकले. काका शेवटच्या ओळीवर थांबला, परत वरपासून तपासत आला. मग माझ्याकडे बघितलं.

"किती उरले?" मुकेश म्हणाला.

"मला नीट दिसत नाय. संघरत्ना, तू बघ गो."

वहीत ढळढळीत शून्य होतं. मी त्यावर अंगठा ठेवला. "सात," मी म्हटलं. "सात उरले."

काका, जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस, मान खाली घालून बसला. मुकेश चरफडत उठून गेला.

"लांब गेला का बघ," काका हळूच म्हणाला. "मग वह्या चुलीत घाल. सगळ्या."

मी एकेक वही चुलीत सारत होते, आणि काका दारात बसून रस्त्याने कोण येतंय ते बघत होता.