तात्पर्य सांगा, मग पुस्तक घ्या

नातीच्या शाळेतून दोनेक महिन्यांपूर्वी तिच्या आईच्या फोनवर एक निरोप आला. प्रत्येक मुलाने आपलं एक आवडतं पुस्तक आणायचं, आणि घरातल्या कुणा मोठ्या माणसाचं लहानपणीचं एक. दोन्हींबद्दल वर्गात बोलायचं आणि मग ती वर्गातल्याच दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यायची. नातीचं स्वतःचं पुस्तक दोन मिनिटांत ठरलं. मग तिने आईला विचारलं, तुझं कुठलं गं? माझी लेक म्हणाली, माझं कुठलं नाही, आजीला विचार, पुस्तकांचं खातं तिच्याकडे होतं. हे ती कोलशेतला तिच्या घरात बसून बोलली, पण फोन स्पीकरवर होता. त्यामुळे मी वर्तकनगरात बसून ऐकलं, आणि हातातली भेंडी तशीच हातात राहिली.

कारण तिचं आवडतं पुस्तक होतं. ते माझ्याच कपाटात होतं आणि त्याचा नंबर बेचाळीस, हेही मला पाठ होतं.

पस्तीस वर्षांपूर्वी मी आमच्या वसाहतीतल्या मुलांसाठी लायब्ररी चालवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत, रोज संध्याकाळी सहा ते सात, आमच्या गॅलरीत. मुलांनी वाचावं, एकमेकांना पुस्तकं द्यावीत, अशी माझी फार तळमळ होती. तळमळ खरी होती, त्याबद्दल मी तेव्हाच्या माझ्यातल्या बाईला काही म्हणणार नाही. पण ती बाई दिवसभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायची, आणि संध्याकाळी घरी आली तरी तिच्या अंगातली कचेरी उतरायची नाही. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर. कव्हरवर नाव नाही, नुसता नंबर, कारण मुलांनी नावाला आणि चित्राला भुलू नये असं तिचं तत्त्व. एक मोठं रजिस्टर, त्यात लाल शाईच्या रेघा. पुस्तक आठ दिवसांत परत, आणि परत करताना तात्पर्य सांगायचं. तात्पर्य आलं तर पुढचं पुस्तक, नाही तर घरी जाऊन पुन्हा वाच. माझे डोळे तेव्हा उत्तम होते, तरी मी नुसत्या काचांचा चष्मा लावला असता, इतकी मला त्या खुर्चीत बसलेली दिसायची हौस.

आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्यातली निम्मी पुस्तकं मी वाचलेलीच नव्हती. कव्हर घालताना पहिलं पान बघायचं आणि शेवटी एखादा उपदेश दिसतोय का ते बघायचं. तेवढ्यावर मी तात्पर्याची परीक्षा घ्यायचे. बेचाळीस नंबरही त्यातलाच.

ते पुस्तक लेकीला तिच्या मावशीने वाढदिवसाला दिलेलं. मिठागरावर राहणारी एक मुलगी आणि पंख मोडलेला बगळा, अशी काहीतरी गोष्ट. लेकीने ते इतक्या वेळा वाचलं होतं की रस्त्याने जाताना बगळा दिसला की थांबायची. मीच तिला सांगितलं, आवडतं आहे ना, मग लायब्ररीत ठेव, वाटून वाचावं. तिने ठेवलं. लेक तेव्हा दहा वर्षांची होती आणि मी सांगितलेलं तिला खरं वाटायचं.

पलीकडच्या बिल्डिंगमध्ये तिची मैत्रीण राहायची, तिच्याच वर्गातली. वडील कोलशेतकडच्या एका कारखान्यात होते, आई घरी मसाले कुटून द्यायची. मेमध्ये त्या जिन्यातून जाताना शिंका यायच्या. त्या मैत्रिणीने बेचाळीस नंबर नेला आणि तीन आठवडे आणलाच नाही. चौथ्या आठवड्यात आली तीही म्हणायला, की काकू, अजून संपलं नाही. मी रजिस्टर पुढे ओढलं. कारण विचारलं. तिने सांगितलं, आईला वाचून दाखवते. आईला वाचता येत नाही, आणि मसाल्याचं काम आटपेपर्यंत सात वाजतात. शिवाय आई तेच पान दोनदा वाचायला लावते. तिचे वडील, म्हणजे हिचे आजोबा, मिठागरावर कामाला होते.

पुस्तक तिच्या हातातच होतं, ते घेऊन मी उघडलं. पानाच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा. दोन पानांवर पुन्हा अंगठा. वाचणारी नुसती वाचत होती आणि ऐकणारी कुठे काय लिहिलंय ते बोट ठेवून बघत होती, हे आज मला दिसतं. तेव्हा मला फक्त डाग दिसले. बाकीची मुलं भोवती उभी होती. मी म्हटलं, निदान आतापर्यंतचं तात्पर्य सांग.

ती म्हणाली, "आई म्हणते, लिहिणाऱ्याने मिठागर बघितलेलं नाही. मिठात उभं राहिलं की तळव्यांना चिरा पडतात, ते त्याने लिहिलंच नाही."

मुलं हसली. त्या गॅलरीत कुणी पुस्तकाबद्दल बोललेलं एवढंच शहाणपणाचं वाक्य असेल, बाकीची सगळी मुलं 'नेहमी खरे बोलावे' म्हणून पुस्तकं नेत होती. पण मला तो उद्धटपणा वाटला. मी लाल पेनाने तिच्या नावावर रेघ ओढली, पुस्तक ठेवून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ज्या घरात पुस्तक कसं धरायचं ते माहीत नाही, त्या घरात पुस्तक जाणार नाही."

वाक्य जमलं म्हणून मी मनात खूशही झाले होते.

त्याच महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या मुलाने एका पुस्तकावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटवून आणलं होतं. त्याच्या आईशी मी हसून बोलले होते, की मुलंच ती, चालायचंच. एका डागाला हसले आणि दुसऱ्याला रेघ ओढली. का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. फक्त स्वतःशी त्याचा उच्चार करत नव्हते.

दोन दिवसांनी मोजदाद करताना बेचाळीस नंबर जागेवर नव्हता. कपाटाची किल्ली साखरेच्या डब्याखाली असते हे घरात दोघींनाच माहीत. लेकीला विचारलं तर तिने लपवलं नाही. म्हणाली, तिला दिलं, ते माझं आहे. मी म्हटलं, लायब्ररीत आलं की ते तुझं राहत नाही, सगळ्यांचं होतं.

"मग तिचं का नाही?"

मी चपला घातल्या.

त्यांचं दार उघडंच होतं. मैत्रिणीची आई जमिनीवर बसून हळद चाळत होती. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता आणि फोटोतल्या माणसाच्या हातात पुस्तक होतं. आमच्या भिंतीवरच्या गणपतीच्या हातात मोदक होता. पुस्तक धरायचं कसं ते त्या घराला शिकवायला मी गेले होते. मी दारातच उभी राहून सांगितलं कशाला आले ते. ती उठली, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, आणि फळीवरून पुस्तक काढलं. ते तिने जुन्या साडीच्या धुतलेल्या तुकड्यात बांधून ठेवलं होतं.

"ताई, पोरीला बोलू नका. डाग माझ्या हाताचे आहेत. वीसेक पानं राहिलीत, रविवारपर्यंत ठेवू का?"

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखाच आहे. आणि पुस्तक घेऊन आले. फडकं तिथेच परत दिलं, तेवढी मी व्यवहाराला चोख.

मैत्रीण गॅलरीत पुन्हा आली नाही. लेक रोज बसायची, कारण घर तिचंच होतं. पण रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे त्यानंतर एकही नंबर नाही. अभ्यासाचं वाचायची, परीक्षेत मार्क मिळवायची, बाकी पुस्तकाला हात लावला नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले, हल्ली मुलं वाचत नाहीत, टीव्हीने घात केला. पुढे एका शाळेत मला पालकांसमोर बोलायला बोलावलं होतं, मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी या विषयावर. गेले आणि तासभर बोलले.

तर नातीचा तो निरोप आल्यावर पुढच्या रविवारी दोघी वर्तकनगरला आल्या. नात थेट कपाटाशी गेली. सगळी खाकी पुस्तकं बघून म्हणाली, आजी, ही काय पार्सलं आहेत का? मग एकेक उघडून बघत बसली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि बेचाळीस नंबर तिला सापडावा की सापडू नये, हे माझं मला ठरवता येत नव्हतं.

"आजी, ह्याच्यात कुणाचा तरी अंगठा आहे."

मी बाहेर आले. तिच्या हातून घेऊन पानं उलटली. पस्तीस वर्षांत मी ते पुस्तक एकदाही उघडलं नव्हतं. दर तीन-चार पानांवर तो पिवळा अंगठा होता, फिका झालेला. एकसष्टाव्या पानापर्यंत होता. त्यापुढे शेवटपर्यंत पानं कोरी होती, म्हणजे अक्षरं होती, पण त्यांच्यावर कुणी हात ठेवलेला नव्हता.

लेक दारात उभी होती. तिने जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, नातीला सांगावं तसं सांगितलं. पुस्तक परत गेल्यावर लेकीने मैत्रिणीला, जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मधल्या सुट्टीत गोष्टीचा शेवट सांगितला होता, आईला सांग म्हणून. मैत्रिणीने घरी सांगायला सुरुवात केली, तर आईने थांबवलं. म्हणाली, असा सांगू नको, पुस्तक आलं की वाचून दाखव. पुढे ते लोक मोहन्याला राहायला गेले. तिथेही बरीच वर्षं, लेक भेटायला गेली की मैत्रिणीची आई विचारायची, तुझ्या आईची लायब्ररी चालू आहे का गं?

मी म्हटलं, मला घेऊन चल, मी स्वतः नेऊन देते.

"ती गेली, आई, मागच्या वर्षी. मी जाऊन आले."

"मला बोलली नाहीस."

"बोलून काय? तू जाऊन तात्पर्य विचारलं असतंस."

नात हसली. तिला वाटलं आम्ही गंमत करतोय. एरवी आमच्या घरात गंमत मीच करते, त्यामुळे तिचं चुकलं नाही.

त्या दुपारी मी उरलेली वीस पानं वाचली. मग पहिल्यापासून सगळं वाचलं. बगळ्याचं काय होतं ते इथे सांगत नाही. त्या बाईने तो शेवट नुसता ऐकून घेतला नाही, तर मी कोण सांगणार? एवढंच म्हणते, की गोष्ट चांगली आहे, आणि लिहिणाऱ्याने मिठागर खरंच बघितलेलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी मोहन्याला गेलो. मैत्रिणीच्या केसांत आता माझ्या तेव्हाच्या केसांपेक्षा जास्त पांढरं आहे. या काकू, म्हणाली, आणि पाणी दिलं. मी वाटेत चार वाक्यं तयार केली होती, अर्ज लिहावा तशी. ऐनवेळी एकच आलं, माझं चुकलं. तिने पुस्तक घेतलं, उघडलं, आणि पानावरच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. मग मिटून माझ्याकडे परत दिलं.

"आता नको, काकू. वाचायला मी आहे, ऐकणारी नाही."

आणि नातीला म्हणाली, "तू ने शाळेत. ज्याला देशील त्याला सांग, सावकाश वाच म्हणावं. घाई नाही."

मला वाटलं होतं, चहाबरोबर माफीही मिळेल. चहा मिळाला. चांगला होता, वेलची घातलेला. परतताना रिक्षात लेक बाहेर बघत होती आणि नात मध्ये बसून विचारत होती, की ती मावशी रडली का, आणि तू का नाही रडलीस, आजी?

शाळेत न्यायच्या आदल्या दिवशी नातीने पुस्तकाचं खाकी कव्हर काढून टाकलं. तिने मला विचारलं नाही आणि मी जवळच बसले होते तरी हात आवरला. आत मुखपृष्ठ होतं. पांढरे मिठाचे ढीग, मागे खाडी, आणि एका मुलीच्या कडेवर बगळा. रंग काल छापल्यासारखे. त्या पुस्तकाला चित्र आहे हे मी विसरूनच गेले होते. लेकीने ते बघितलं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं. मैत्रिणीच्या आईने ते कधीच बघितलं नव्हतं. तिच्याकडे गेलं तेव्हा त्यावर माझा कागद होता आणि माझ्या अक्षरात बेचाळीस.

पुस्तक एका मुलीकडे गेलंय. महिना होत आला, परत आलेलं नाही. मी विचारत नाही. म्हणजे एकदा विचारलं, तर नात म्हणाली, आजी, घाई नाही असं ठरलंय ना.

कपाटाला मी आता कुलूप लावत नाही. सगळी कव्हरं काढून रद्दीत दिली. लेक आठवड्यातून एकदा येते, भाजी निवडता निवडता माझ्याशी बोलते, कपाटावरून नजर फिरवते. अजून तिने एकही पुस्तक काढलेलं नाही. मी स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्याने वाजवत राहते. माझं तिच्याकडे लक्ष आहे असं तिला वाटायला नको.