चिटबॉयच्या लॉगिनवर पडलेले हुकूम

इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या चिटबॉयवर मी बातमी लिहून ठेवली होती. माणूस पंचेचाळिशीचा, पद मात्र चिटबॉय. गावोगाव फिरून उसाच्या नोंदी घ्यायच्या आणि पाळी आली की तोडणीची चिठ्ठी द्यायची, हे त्याचं काम. हल्ली ते मोबाइलवरून, कारखान्याच्या वेबसाइटवर होतं. काही फडांची, म्हणजे उसाच्या शेतांची, पाळी गुपचूप पुढे सरकली होती आणि प्रत्येक बदलापुढे त्याचंच लॉगिन होतं. दोन दिवसांत कारखान्याची चौकशी समिती त्याच्या नोकरीचा निकाल लावणार होती.

"मी न्हाय केलं," तो म्हणाला. असं सगळेच म्हणतात. मी त्याचं घरही पाहून आलो. पत्र्याचं होतं. तरी संशय गेला नाही.

आणखी पुरावा शोधत कोऱ्हाळ्यात गेलो. तिथल्या एका शेतकरी बाईंची उसाची नोंदच गायब झाली होती.

"त्यानंच गाळली असेल," मी म्हणालो.

"कशापायी? बांधावर उभं करून माझ्यादेखत भरून घेतलीय. आमी असं कुणाला मोकळं सोडत न्हाय."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, त्यांनी वेळसुद्धा लिहिली होती. कारखान्याच्या यादीत त्याच मिनिटाला, त्याच लॉगिनवरून भलत्याच फडाची पाळी पुढे गेलेली. इतर गायब नोंदींच्या वेळाही अशाच जुळल्या.

बारामतीत सर्व्हर तपासणाऱ्या एका इंजिनिअर बाई आहेत. कारखान्याच्या परवानगीने त्यांनी यंत्रणा पाहिली. वेबसाइटमागे दोन सर्व्हर होते. पुढचा लोकांच्या विनंत्या, म्हणजे मोबाइलवरून आलेल्या नोंदी आणि बदल, एकामागे एक मागच्याकडे पाठवत होता. पण एक विनंती कुठे संपते, हे दोघे वेगवेगळं मोजत. कुणीतरी मुद्दाम अशी विनंती पाठवत होतं, की पुढच्याला ती एकच वाटे आणि मागच्याला दीड. उरलेली अर्धी, म्हणजे पाळी हलवायचा हुकूम, तिथेच थांबे आणि नंतर येणाऱ्याच्या विनंतीला पुढून चिकटे.

"हुकूम चोराचा, लॉगिन ह्याचं," त्या म्हणाल्या. "ह्याची खरी नोंद वाया."

"ह्यालाच का गाठलं?"

"शेतकऱ्याच्या लॉगिनला पाळी हलवता येत नाही, तिथे डाव फुकट जातो. हा दिवसभर नोंदी भरतो, म्हणून हा सापडतो."

चौकशी समितीने चहा संपायच्या आत त्याला निर्दोष ठरवलं. विनंत्या कोण पाठवत होतं, हे कुणी विचारलं नाही. मी जुनी बातमी पुसली आणि नवी लिहिण्याआधी यादी पुन्हा वाचली. पुढे सरकलेल्या फडांपैकी दोन समितीतल्याच सदस्यांचे होते.